लष्करात बंड का होतं? १९६४ची पूर्व आफ्रिका, १९४६ची मुंबई आणि आपल्या किनाऱ्यावरची घरं

खाडीकाठ | रविवार, रात्री ९.१५

मागच्या आठवड्यात अंजनवेलच्या घरी माळ्यावरची अडगळ आवरताना वडिलांची पत्र्याची पेटी खाली काढली. वडील मुंबई–पूर्व आफ्रिका फेरीच्या बोटीवर खलाशी होते, पुढे सुकाणी झाले. पेटीत पगाराचे जुने कागद, गंजलेला अडकित्ता आणि वहीच्या पानांत दाबून ठेवलेली टपाल तिकिटं. त्यातली चार झांझिबारची. तिकिटावर सुलतानाचं चित्र आहे आणि त्याच्यावर काळ्या शाईत छाप मारलाय, ‘जम्हुरी १९६४’. एका तिकिटावर तो तिरका बसून थेट सुलतानाच्या कपाळावरून गेलाय. नवी तिकिटं छापायला वेळच नव्हता. होती त्याच तिकिटांवर प्रजासत्ताकाचा शिक्का मारून टपाल चालू ठेवलं.

त्या शिक्क्याच्या मागे लागून गेले आठ दिवस वाचतेय. झांझिबार १० डिसेंबर १९६३ला स्वतंत्र झालं आणि १२ जानेवारी १९६४ला सुलतानाची सत्ता उलथली. जॉन ओकेलो नावाचा युगांडात जन्मलेला माणूस पुढे होता, त्याच्या लोकांनी आधी पोलिसांची शस्त्रं ताब्यात घेतली. सुलतान बोटीने पळाला, अबीद करुमे अध्यक्ष झाले. इथवर मला थोडंफार माहीत होतं.

पुढचं माहीत नव्हतं. आठ दिवसांनी, २० जानेवारीला, समोरच्याच किनाऱ्यावर दार-ए-सलामच्या कोलिटो बराकीतले टांगानिका रायफल्सचे शिपाई उठले. त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांना कोंडलं आणि मग विमानात बसवून नैरोबीला धाडून दिलं. दुसऱ्या दिवशी टाबोऱ्याची पलटण उठली. २३ला युगांडात जिंजा, २४ला केनियात नाकुरूजवळचं लॅनेट. पाच दिवसांत तीन देश! तिघांचा मिळून कट नव्हता. एकाची बातमी दुसऱ्याने ऐकली, बस्स. तिन्ही पलटणी मुळात एकाच इंग्रजी फौजेच्या, किंग्ज आफ्रिकन रायफल्सच्या. स्वातंत्र्य आलं तेव्हा नाव आणि झेंडा बदलला. पगार, बराक आणि हुकूम देणारा साहेब तोच राहिला.

मागण्या दोनच होत्या. पगार वाढवा आणि गोरे अधिकारी काढून आमची माणसं त्या जागी बसवा. राज्य बळकवायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण टांगानिकाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरेंसारख्या माणसाला स्वतःच्या राजधानीत लपून बसावं लागलं. दुकानं लुटली गेली, त्यात आपल्या लोकांची आणि अरबांची जास्त. शेवटी न्येरेरेंनी इंग्रजांकडेच मदत मागितली. २५ जानेवारीला ‘सेंटॉर’ या विमानवाहू जहाजावरून मरीन कमांडो हेलिकॉप्टरने बराकीपाशी उतरले आणि बंड मोडलं. टांगानिकाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. ज्यांना निरोप दिला त्यांनाच परत बोलवायचं, हे त्या माणसाला किती लागलं असेल.

धागा काढायचं कारण हे. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीत कुणीतरी नौदलात, फौजेत, पोलिसात किंवा जहाजावर आहे. बंड म्हणजे काय हे इतिहासाच्या पुस्तकाबाहेर आपल्याकडे कुणाला ठाऊक आहे का? शिपाई कशाने उठतो? आणि आपल्याकडे १९४७नंतर तसं का झालं नाही?

---

सारंग_रत्नागिरी | रविवार, रात्री १०.५०

ताई, धाग्याबद्दल आभार. तुमचे वडील सुकाणी होते हे वाचून बरं वाटलं. मी ३४ वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, सारंग म्हणून निवृत्त.

शिपाई कशाने उठतो ते फौजेतले सांगतील. जहाजाचं मी सांगतो. एका कंपनीच्या बोटीवर आम्हाला पाच महिने पगार नव्हता. पहिले दोन महिने कुणी चकार शब्द काढला नाही. घरच्यांना फोन करून ‘येईल, येईल’ म्हणायचं. तिसऱ्या महिन्यात भंडाऱ्याने तांदूळ मोजून शिजवायला घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ताटल्या आपटल्या. पगारासाठी दम धरलेली माणसं भातावरून उठली. कारण पगार कागदावर असतो, भात समोर असतो. कॅप्टनने त्या वेळी खाली मेसमध्ये येऊन आमच्यासोबत तोच भात खाल्ला आणि कंपनीला पाठवलेली तार वाचून दाखवली. पगार त्यानंतरही सहा आठवड्यांनी आला, पण बोटीवर हात उचलला गेला नाही.

आता आफ्रिकेचं. १९९२च्या पावसाळ्याआधी आमची बोट तांदूळ घेऊन फ्रीटाउनला लागली. महिन्याभरापूर्वी, २९ एप्रिलला, सिएरा लिओनच्या आघाडीवरचे सैनिक राजधानीत आले होते. पूर्वेकडे बंडखोरांशी लढाई चालू होती, पगार थकलेला, जखमींना औषध नाही, बूट नाहीत. ते आले होते ते गाऱ्हाणं सांगायला. अध्यक्ष मोमो शेजारच्या गिनीत पळून गेले आणि सत्ता आयतीच रस्त्यावर पडली. कॅप्टन व्हॅलेंटाइन स्ट्रासर राष्ट्रप्रमुख झाला, वय २५. आमच्या शिडीपाशी पहाऱ्याला जो पोरगा उभा होता त्याच्या खांद्यावर रायफल आणि पायात रबरी चपला. त्याने माझ्याकडे सिगारेट मागितली नाही, पैसे मागितले नाहीत. माझ्या पायाकडे बोट दाखवून विचारलं, असले बूट जास्तीचे आहेत का. मी दिले. नऊ नंबर, त्याला मोठे होत होते.

पाच वर्षांनी त्याच शहरात सैनिकांनी परत सत्ता घेतली. देशाचे मधले हाल सगळ्यांना माहीत आहेत.

---

कॅम्प_दापोली | सोमवार, सकाळी ६.४०

राम राम मंडळी. पायदळात २८ वर्षं, सुभेदार म्हणून निवृत्त. आमच्या दापोलीला लोक अजून ‘कॅम्प’ म्हणतात ते इंग्रजांच्या वेळच्या छावणीमुळे. पेन्शनर शिपायांची वस्ती इथे फार जुनी.

सारंग साहेबांनी भाताचं लिहिलं ते शंभर टक्के खरं. पलटणीत लंगरचं जेवण जवानांना वाढण्याआधी ड्यूटीवरचा अफसर चाखतो आणि वहीत शेरा मारतो. बाहेरच्याला ही फॉर्मॅलिटी वाटेल. पण ज्या पलटणीत ती वही न चाखता भरली जाते तिथे जवानाला दुसऱ्या दिवशी कळतं.

दुसरी गोष्ट दरबार. आता सैनिक संमेलन म्हणतात. सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे कमांडिंग अफसर, सगळ्या पलटणीपुढे बोलतात आणि शेवटी विचारतात, ‘कोई पॉइंट?’ बहुतेक वेळा कुणी उठत नाही. एकदा आमच्या कंपनीतला गुहागरकडचा पोरगा उठला. गुडघे लटपटत होते. म्हणाला, साहेब, तीन वर्षं गणपतीची रजा मिळाली नाही, घरी मूर्ती आणायला कुणी नाही. हॉल शांत. सीओ साहेब केरळचे, त्यांना गणपतीची रजा म्हणजे आपल्या माणसाला काय असते ते ठाऊक नव्हतं. त्यांनी मला तिथेच विचारलं, ‘साब, बताओ.’ मी सांगितलं. रजेचं रजिस्टर तिथल्या तिथे मागवलं. पोराची रजा खरंच मागे पडली होती, कारकुनाची चूक. त्या वर्षी तो चतुर्थीला घरी होता.

यात ‘साब, बताओ’ महत्त्वाचं आहे. जेसीओ, म्हणजे माझ्यासारखा सुभेदार, हा शिपायातून वर आलेला असतो. तो जवानाची भाषा बोलतो आणि अफसर त्याचं ऐकतो. ताईंनी लिहिलेल्या किंग्ज आफ्रिकन रायफल्समध्ये असा मधला दर्जा इंग्रजांनी फार उशिरा आणला, ‘एफेंडी’ नावाचा. पुढे युगांडाचा हुकूमशहा झालेला इदी अमीन त्यातूनच वर आला, १९६१मध्ये लेफ्टनंट. म्हणजे शिपायाचं दुःख वर नेणारा माणूस स्वातंत्र्याच्या तोंडावर तयार व्हायला लागला.

आपल्याकडे डेहराडूनची अकादमी १९३२ची. दुसऱ्या महायुद्धात हजारो भारतीय अफसर झाले. १९४७ला वरचे जनरल इंग्रज होते, पण कंपनी आणि पलटण चालवणारे आपले होते. करिअप्पा साहेब लष्करप्रमुख झाले १५ जानेवारी १९४९ला. नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख तर १९५८ला झाला, व्हाइस ॲडमिरल कटारी. अकरा वर्षं वरती इंग्रज बसला तरी कुणी बंदूक उचलली नाही. मधली फळी भरलेली होती म्हणून निभावलं, असं माझं मत.

---

सह्यकडा | सोमवार, दुपारी १.०५

छान चर्चा. पण इतकं खोलात जायची गरज आहे का? भारतीय सैनिकाच्या रक्तातच शिस्त आहे. आपली संस्कृती सहिष्णू, लोकशाही आपल्या मातीत मुरलेली. आफ्रिकेत टोळ्यांचं राजकारण, तिथे दुसरं काय होणार?

---

खाडीकाठ | सोमवार, सायंकाळी ७.३०

सह्यकडा, हे मला अजिबात पटत नाही. शांतपणे सांगते.

१४ ऑगस्ट १९४७पर्यंत भारत आणि पाकिस्तानची फौज एकच होती. तीच रेजिमेंट, तेच लंगर, तेच दरबार, एकाच अकादमीतून निघालेले अधिकारी. रक्त तेच आणि मातीही तीच. तरी तिकडे १९५१मध्येच सरकार उलथवायचा रावळपिंडी कट उघड झाला आणि १९५८मध्ये लष्करप्रमुख अयूब खान गादीवर बसले. फरक फौजेत नव्हता, फौजेच्या भोवती होता. आपली राज्यघटना १९५०ला लागू झाली, १९५१–५२ला निवडणूक. त्यांची पहिली घटना यायला १९५६ उजाडलं आणि दोन वर्षांत ती गुंडाळली गेली. आपल्याकडे तिन्ही दलांवर एक सरसेनापती हे पद १९४७लाच गेलं, तिन्ही प्रमुख बरोबरीचे झाले. त्या सरसेनापतीचा दिल्लीतला तीन मूर्तीचा बंगला पंतप्रधानांचं घर झाला. पलटणीतल्या तरुण अफसरालाही त्यातून कळलं असेल की आता त्या घरात कोण राहतं.

टोळ्यांचं म्हणाल तर काँगोचं उदाहरण घ्या. बेल्जियमने ३० जून १९६०ला काँगो सोडला. फोर्स पब्लिक ही सुमारे २५ हजारांची फौज, आणि त्यात काँगोली अधिकारी एकही नाही. एकही नाही! पाच दिवसांनी, ५ जुलैला, बेल्जियन सेनापती जान्सेन्स यांनी सैनिकांपुढे फळ्यावर लिहिलं, स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर. म्हणजे तुमच्यासाठी काही बदललेलं नाही. त्याच दिवशी बंड पेटलं. मी शाळेत ३१ वर्षं शिकवलं, फळ्यावर लिहिलेल्या एका ओळीने वर्गाचं काय होतं ते मला माहीत आहे. इथे तर वर्गाच्या हातात रायफली होत्या.

मग काँगोचे पंतप्रधान लुमुम्बांनी घाईघाईने सगळ्यांना एकेक हुद्दा वर चढवला. एकेकाळचा सार्जंट थेट जनरल झाला. सार्जंट-मेजर राहिलेला, नंतर पत्रकारिता केलेला मोबुटू कर्नल आणि फौजेचा चीफ ऑफ स्टाफ. ११ जुलैला कटांगा प्रांत फुटून निघाला, १४ सप्टेंबरला मोबुटूने सरकार बाजूला सारलं, १७ जानेवारी १९६१ला लुमुम्बांचा खून झाला. १९६५मध्ये मोबुटूने सत्ता पुरती घेतली, ती १९९७पर्यंत. ऐंशी वर्षांत एक अधिकारी तयार न करणाऱ्यांचा हा वारसा आहे. त्याचा दोष तिथल्या टोळ्यांच्या माथी मारणं अन्याय आहे.

सुभेदार साहेब, गणपतीच्या रजेची गोष्ट मी घरात मोठ्याने वाचून दाखवली.

---

कॅम्प_दापोली | सोमवार, रात्री ८.१०

ताई, त्याच कटांगात आपली ब्रिगेड संयुक्त राष्ट्रांकडून गेली होती. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ला एलिझाबेथव्हिलला पडले, परमवीर चक्र. आम्हाला हे शिकवलं जायचं. पण ती लढाई कशामुळे उद्भवली, तो फळा आणि ती ओळ, हे मला आज कळलं.

---

बाणकोट | सोमवार, रात्री ११.२०

१९४६चा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या बाणकोट–मंडणगड भागातल्या कोकणी मुसलमानांची घरंच्या घरं नौदलात होती. युद्धाआधी रॉयल इंडियन नेव्हीची भरती मुख्यतः पंजाबी मुसलमान आणि रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान अशीच व्हायची. पोरगा मिसरूड फुटायच्या आत मुंबईला जायचा. माझे नाना त्यातले. फेब्रुवारी १९४६ला ते मुंबईत होते.

इतिहास थोडक्यात. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या तळावर नौसैनिकांनी जेवण नाकारलं. निकृष्ट डाळ-रोटीच्या तक्रारी महिनोन् महिने चालल्या होत्या, वर कमांडर किंगच्या शिव्या. बी. सी. दत्त यांना घोषणा रंगवल्याबद्दल आधीच पकडलं होतं. ‘तलवार’ ही सिग्नल शाळा होती, तिथे बिनतारी संदेश पाठवणारीच पोरं शिकत होती. त्यामुळे बातमी वाऱ्यासारखी कराचीपर्यंत गेली. बघता बघता ७८ जहाजं, २० किनारी तळ, सुमारे २० हजार नौसैनिक. मस्तुलावर काँग्रेस, लीग आणि लाल असे तिन्ही झेंडे एकत्र. नौसैनिकांच्या समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. मुंबईत गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेच्यावर माणसं गेली. २३ला वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून शरणागती.

आता नानांचं. त्यांनी ‘बंड’ हा शब्द कधी वापरला नाही. ते ‘हरताळ’ म्हणायचे. समितीनेही स्वतःला संप समितीच म्हटलं होतं. बंड हे नाव साहेबाने दिलं, कारण बंडाला कोर्ट मार्शल लावता येतं. नाना म्हणायचे, आम्ही जेवण नाकारलं, जहाज नाही पळवलं.

नानांना काढून टाकलं. बिल्ले उतरवून घेतले, पेन्शन नाही. पुढच्या वर्षी देश दोन झाले आणि नौदलंही दोन झाली. हरताळवाल्यांना दोन्हीकडे जागा नव्हती. आमच्या घरातले एक आजोबा, जे हरताळात नव्हते, ते कराचीच्या नौदलात गेले. नाना गावी आले आणि भावाच्या होडीवर जाळी ओढू लागले. सरकारने हरताळवाल्यांना स्वातंत्र्यसैनिक मानलं ते फार उशिरा, तोवर नाना नव्हते.

ज्या स्वातंत्र्यासाठी ते उठले त्या स्वातंत्र्याने त्यांना कामावर परत का घेतलं नाही, याचं उत्तर मी लहानपणापासून शोधतोय.

---

खाडीकाठ | सोमवार, रात्री ११.५५

भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

पटेलांनी त्याच सुमाराच्या एका पत्रात म्हटलं होतं की सैन्यातल्या शिस्तीला हात लावून चालणार नाही, स्वतंत्र भारतालाही सैन्य लागेल. सत्ता हातात येणार हे दिसायला लागलेल्या माणसाचा तो विचार होता. आफ्रिकेत १९६०–६४ला जे झालं ते पाहता त्या भीतीला आधार होता हे मी मान्य करते. पण शिस्तीची ती किंमत तुमच्या नानांसारख्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी एकट्यांनी भरली. शरण या म्हणणाऱ्यांनी पुढे सत्तेत आल्यावर त्यांना परत बोलवायला हवं होतं. माझं हे मत कुणाला कडू वाटलं तरी चालेल.

---

झाराप_वाला | मंगळवार, सकाळी ९.२०

खाडीकाठ ताय, तुमी बरा लिवलास. माझो बापूस १९८२ सालात मुंबयत पोलिसात होतो. आमी लहान, गावाक आजयेकडे. ऑगस्टात रेडिओर सांगल्यानी, मुंबयचे पोलिस बिघाडले, मिलिटरी बोलावल्यानी. मगे धा दिस बापसाची चिठी नाय, तार नाय. आजयेन रवळनाथाक गाऱ्हाणा घालून घेतल्यान. ‘बा देवा म्हाराजा...’ आणि आमी पोरा मागसून ‘होय म्हाराजा’.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं मराठीत लिहितो. १८ ऑगस्ट १९८२चं कुणी फार बोलत नाही. त्या वर्षी जानेवारीपासून गिरणी संप चालू होता. बंदोबस्ताला उभा शिपाई आणि समोर उभा कामगार एकाच तालुक्यातले, कधी एकाच घरातले. शिपायांची मोठी तक्रार पगाराची, ड्यूटीच्या तासांची आणि साहेबांच्या घरी ऑर्डर्ली म्हणून राबण्याची. १५ ऑगस्टला त्यांनी काळ्या फिती लावल्या. मग संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडलं आणि शहरात आग लागली. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते, लष्कर बोलवावं लागलं.

म्हणजे आपल्याकडे झालंच नाही असं नाही. १९७३मध्ये उत्तर प्रदेशात सशस्त्र पोलिसांनी, म्हणजे पीएसीने, बंड केलं आणि कमलापती त्रिपाठींचं सरकार गेलं. १९८४च्या जूनमध्ये सुवर्णमंदिरातल्या कारवाईनंतर रामगढ आणि गंगानगरला शीख जवान उठले. फरक एवढाच की आपल्याकडे एका ठिकाणी पेटलं तरी बाकीचं घर उभं राहिलं.

---

रेवदंडा | मंगळवार, दुपारी ३.४५

सुभेदार साहेबांच्या दरबाराच्या मुद्द्यावर एक अडचण मांडतो. राग मानू नका.

२५ फेब्रुवारी २००९, ढाका. बांगलादेश रायफल्स या सीमेवरच्या दलाचं मुख्यालय पिलखाना. बंड सुरू झालं ते दरबार हॉलमध्ये, दरबार चालू असताना. महासंचालक मेजर जनरल शकील अहमद समोर बोलत होते. दोन दिवसांत ७४ माणसं मारली गेली, त्यात ५७ लष्करी अधिकारी. २०१३ला १५२ जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. दलाचं नावसुद्धा बदललं.

एक कारण वाचून मी थबकलो. सरकारने महागाईत लोकांना स्वस्त धान्य द्यायला ‘डाळ-भात’ नावाची मोहीम काढली आणि ती या जवानांकडून राबवली. दुकानं जवान चालवत होते, नफा अधिकारी खातात असा त्यांचा संशय. १९४६ला मुंबईत डाळ, २००९ला ढाक्यात डाळ-भात. आणि २०१७च्या जानेवारीत आपल्याच सीमा सुरक्षा दलाच्या जवानाने पातळ डाळीचा व्हिडिओ टाकला होता, आठवतंय? त्याला नोकरीवरून काढलं.

तर दरबार होता. ऐकणारा कुणी होता का?

---

कॅम्प_दापोली | मंगळवार, रात्री ८.३०

राग कसला, मुद्दा बरोबर आहे. मला दुपारभर विचार करायला लावलात.

बांगलादेश रायफल्समध्ये अफसर सगळे लष्करातून प्रतिनियुक्तीवर येत. दोन-तीन वर्षं राहायचे आणि परत जायचे. दलातला जवान कितीही लायक असला तरी त्या खुर्चीवर बसणार नाही हे त्याला पहिल्या दिवशी माहीत. कोलिटोच्या बराकीत गोरा साहेब होता, पिलखान्यात आपल्याच भाषेचा साहेब, पण भिंत तीच. दरबारात पॉइंट विचारायचा आणि उत्तर आधीच ठरलेलं असायचं, तर तो दरबार नसून हजेरी झाली.

झारापवाल्यांनी गाऱ्हाण्याचं लिहिलं. आमच्याकडे मानकरी गाऱ्हाणं घालतो तेव्हा सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. पण गुरवाने कौल लावला आणि तो उजवा आला नाही, तर कुणी उठून जात नाही, विचारतात काय चुकलं. पलटणीतही नकार चालतो. जवान नकार पचवतो. माझ्या २८ वर्षांत रजा नाकारलेल्या जवानाने तमाशा केलेला मी पाहिला नाही. तमाशा केला तो, ज्याचा अर्ज चार महिने टेबलावर पडून होता.

---

सारंग_रत्नागिरी | मंगळवार, रात्री ९.४०

ताई, त्या तिघांचं पुढे काय झालं ते लिहा ना. मोंबासा, दार-ए-सलाम मी पुष्कळ केलं, कंपालाला कधी गेलो नाही, पण तिथून १९७२ला पळून आलेली माणसं बोटीवर भेटलेली आहेत.

---

खाडीकाठ | बुधवार, सकाळी ११.००

लिहिते. मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आठवड्याभरात उठलेल्या तीन पलटणींना तीन वेगळी उत्तरं मिळाली.

न्येरेरेंनी टांगानिका रायफल्स अख्खी बरखास्त केली. बंडवाल्यांना घरी पाठवलं, मधल्या काळात नायजेरियाची फौज बोलावली आणि त्याच वर्षी नवं सैन्य उभं केलं. त्यात पक्षाच्या युवक संघटनेतली पोरं भरली, शिपायाला राजकीय शिक्षण दिलं. एप्रिलमध्ये झांझिबार जोडून घेतलं आणि टांझानिया झाला. त्या देशात आजपर्यंत एकही लष्करी सत्तापालट यशस्वी झालेला नाही. पण याची दुसरी बाजू लपवणार नाही. त्याच धुमश्चक्रीत कामगार पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं आणि १९६५पासून एकपक्षीय राजवट आली. फौज सुरक्षित झाली, विरोधी पक्ष मात्र संपला.

केनियात पंतप्रधान केन्याटांनी इंग्रज तुकड्या आणून लॅनेटचं बंड मोडलं, कोर्ट मार्शल केले, इंग्रजांशी लष्करी करार चालू ठेवला. पुढे १ ऑगस्ट १९८२ला केनियाच्या हवाई दलातल्या शिपायांनी सत्ता घ्यायचा प्रयत्न केला, तो एका दिवसात फसला. नैरोबीत आशियाई लोकांची दुकानं परत लुटली गेली.

युगांडात शिपायांनी मंत्री फेलिक्स ओनामांना बराकीत अडकवून ठेवलं आणि पगारवाढ कबूल करून घेतली. इंग्रज तुकड्या आल्या, पण पंतप्रधान ओबोटेंनी वाढ कायम ठेवली. शिपायाला काय कळलं? बंदूक दाखवली की मिळतं. ओबोटेंना काय कळलं? शिपाई खूश ठेवला की खुर्ची टिकते. मग अमीन भराभर वर चढत गेला. मे १९६६मध्ये ओबोटेंनी त्याच्याच हातून बुगांडाच्या राजाच्या वाड्यावर हल्ला करवला. २५ जानेवारी १९७१ला ओबोटे परदेशी असताना अमीनने त्यांनाच काढलं. पुढच्या वर्षी आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. सारंगकाका, तुम्हाला भेटली ती माणसं ही.

मागणी खरी होती, पगार खरंच कमी होता. तो बंडाच्या आधी वाढवला असता तर सरकारचा मोठेपणा दिसला असता. शिपायांनी मंत्री कोंडल्यावर वाढवला, म्हणून ती खंडणी झाली.

आणि टोगो. १३ जानेवारी १९६३. फ्रेंच फौजेतून मोकळे झालेले शिपाई गावी आले, म्हणाले आम्हाला आपल्या सैन्यात घ्या. अध्यक्ष ऑलिम्पियो म्हणाले, छोट्या देशाला एवढं सैन्य परवडत नाही. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही, पैसा शाळांना लावायचा की बराकींना? पण लढाईखेरीज काही न शिकलेल्या माणसांना दुसरं कामही कुणी दिलं नाही. त्यांनी ऑलिम्पियोंना गोळी घातली. त्यातला एक, एयादेमा, १९६७ला अध्यक्ष झाला आणि २००५ला मरेपर्यंत राहिला.

---

सह्यकडा | बुधवार, दुपारी २.१५

ताई, मी पहिल्या प्रतिसादात घाईने लिहिलं. पाकिस्तानचा मुद्दा मला खोडता आला नाही. टोळ्यांबद्दलचं वाक्य मागे घेतो. माझा चुलतभाऊ निमलष्करी दलात आहे, काल त्याला फोन करून विचारलं, तुमचा दरबार होतो का. म्हणाला, होतो. मग विचारलं, तू कधी उठलास का. तो गप्प बसला.

---

बाणकोट | बुधवार, रात्री १०.०५

ताई, तुमचे वडील त्या जानेवारीत तिकडेच असतील तर घरी काही लिहिलं होतं का? आमच्या नानांनी एक ओळ लिहून ठेवली नाही, म्हणून विचारतो.

---

खाडीकाठ | गुरुवार, सकाळी ७.३०

काल रात्री पेटी परत उघडली. तिकिटांच्या वहीतच एक पत्र आहे, मोंबासाहून आईला, फेब्रुवारी १९६४. आठ ओळींचं. पहिल्या पाच ओळी घराच्या. मनीऑर्डर साठ रुपयांची केली आहे, मिळाल्याचं कळव. पावसाआधी पडवीचे नळे परतून घे. धाकटीचा खोकला गेला का?

मग लिहिलंय की इकडे शिपायांनी दंगा केला, आता निवळलं आहे, गोरे शिपाई परत आले आहेत, आपले दुकानदार फळ्या अर्ध्याच उघडतात. बंदरावर एक काळा शिपाई भेटला, त्याला विचारलं कशाला केलंत. तो म्हणाला, साहेब नवा आला पण आमच्याकडे बघत नाही.

आणि शेवटी, आमच्या बोटीवर पगार वेळेवर आहे, काळजी करू नये.

धाकटी म्हणजे मी.